पंचवीस की बावन्न

मी कोयनेच्या धरणावर पाणीपातळी लिहायच्या कामावर होतो. हुद्द्याचं नाव गेज रीडर. ठरलेल्या वेळी जलाशयाची पातळी बघायची, वहीत मांडायची आणि फोनवरून वरच्या ऑफिसला सांगायची. पावसाळ्यात दर तासाला. खालच्या गावांना सावध करायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरायचं, म्हणून मी प्रत्येक आकडा स्वतःशी दोनदा म्हणायचो आणि मगच लिहायचो. घरातही तीच सवय. दुधाची लिटरं असोत नाहीतर एसटीचा नंबर, दोनदा. बायको त्यावर हसायची.

आम्हाला एकच मुलगी. कोयनानगरला वसाहतीतल्या शाळेत ती चौथीत होती, तेव्हा सहामाहीनंतर तिच्या गुरुजींनी मला निरोप पाठवला. मी ड्यूटी संपवून तसाच खाकी कपड्यांत गेलो. त्यांनी दोन पेपर समोर ठेवले. मराठीचा पेपर असा सुंदर लिहिलेला, की मला वाटलं चुकून वरच्या वर्गातल्या कुणाचा दाखवताहेत. दुसरा गणिताचा. त्यात पहिलाच प्रश्न, गुरुजी सांगतील ती संख्या आकड्यांत लिहा. पंचवीस सांगितले, तिनं बावन्न लिहिले. त्रेसष्टचे छत्तीस. सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर. एकोणतीसच्या जागी नुसता एक ठिपका होता. पेन टेकवला आणि उचलला, एवढाच.

"मंद म्हणावी तर भाषेत वर्गात पहिली हाय," गुरुजी म्हणाले. "कविता एकदा ऐकली की पाठ. मग हितंच काय हुतंय तिला? लक्ष न्हाई, दुसरं काय."

घरी आल्यावर मी चिंचोके घेऊन तिच्यासमोर बसलो. चौदा चिंचोके तिनं बरोबर मोजले. मी त्यातला एक उचलून परत तिथंच ठेवला आणि विचारलं, "आता किती?" तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पुन्हा एक उचलून ठेवला, पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेला मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. माझ्या चेहऱ्याकडं बघत तिनं सहाव्यांदा मोजायला घेतलं.

तेव्हापासून मला जी काळजी लागली ती पुढं आठ वर्षं टिकली.

वसाहतीत या गोष्टीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मोठा भूकंप झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि ती झोपली होती तिथून हातभर अंतरावर भिंत पडली होती. शेजारी म्हणायचे, "पोरगी दचकली वो तवा. डोक्यातलं कायतरी हललं." मलाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. कारण सापडलं की निम्मं दुखणं गेल्यासारखं वाटतं. मी तिला मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाले, "मुलगी ठणठणीत आहे. काही दोष नाही." परतीच्या गाडीत माझी काळजी दुप्पट झाली. दोष असता तर औषध असतं.

पाचवीला काय करायचं हा पहिला मोठा प्रश्न. कऱ्हाडला माझी बहीण दिली होती, आणि तिच्या आळीत एक गुरुजी गणिताची शिकवणी घ्यायचे. त्यांच्याकडची मुलं दरवर्षी स्कॉलरशिपला बसायची. त्यांचं नाव पार पाटणपर्यंत होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकूनही घेतलं नाही. "तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतो, मग बघा," म्हणाले. "गणित म्हणजे सवय. तुमच्या लाडानं बिघडलंय."

मला लाडाचा आरोप मान्य होता, म्हणजे मी तो मान्य करायला तयारच होतो. मुलीला बहिणीकडं ठेवली. बायको नको म्हणत होती. कारण विचारलं तर सांगता येईना. नुसतं "नगं, नगं" करत तिनं पेटी भरली.

पाढे तिनं महिन्याभरात पाठ केले. दिवाळीला आली तेव्हा ओसरीवर बसून एकोणतीसचा पाढा गाण्यासारखा म्हणाली, आणि मी शेजाऱ्यांना बोलावून ऐकवला. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी मधूनच विचारलं, "सात सक?" तिचा चेहरा उतरला. ओठ हलायला लागले. ती सात एके सातपासून म्हणत निघाली होती. पाढा तिला येत होता. आकडा येत नव्हता.

दिवाळीनंतर मी न कळवता कऱ्हाडला गेलो. बहीण म्हणाली, शिकवणीला गेली आहे. गुरुजींच्या घराची पुढची खोली रस्त्याला लागून होती, खिडकी उघडी. मी खिडकीशी थांबलो. दुसरी-तिसरीतल्या बारक्या पोरांची रांग बसली होती आणि त्यांच्यात माझी मुलगी, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. गुरुजी तिला विचारायचे, ती काहीतरी उत्तर द्यायची, पोरं हसायची आणि एकसुरात बरोबर उत्तर ओरडायची. एका प्रश्नाला तिनं मुद्दाम काहीच्या काही उत्तर दिलं. आठ अधिक पाच, तर म्हणाली, "एक हजार!" पोरं लोळायला लागली. ती पण हसत होती. मान खाली घालून, खांदे उडवून, खूप हसत होती.

मार खाताना दिसली असती तर मी आत जाऊन तिला उचलून आणली असती. ती हसत होती म्हणून मला काय करावं कळेना. मी तसाच मागं फिरलो, बहिणीला दारातूनच भेट झाली म्हणून सांगितलं, स्टँडवर जाऊन बसलो आणि पाटणची गाडी धरली. बायकोलाही तेच सांगितलं.

अजून दोन महिने मी तिला तिथं ठेवली. हे लिहायला नको वाटतं, पण ठेवली. वाटायचं, वर्षाचा प्रश्न आहे, निभेल. संक्रांत झाल्यावर बहिणीचं पत्र आलं. पोरगी रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून उठत नाही, दोनदा उलटी झाली, आणि आता आठ दिवस बोलतच नाही, येऊन घेऊन जा.

घरी आणल्यावरही ती फारशी बोलेना. एके दिवशी दुपारी ती शेजारी खेळायला गेली असताना मी बायकोला म्हणालो, "शाळा बंद करूया तिची. भूकंपानं जे झालं ते झालं. लिहिता-वाचता येतंय, तेवढं पुरे. बघू पुढचं पुढं."

बायको तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आन् मला कुटला भूकंप झाला हुता?"

मला आधी कळलंच नाही.

"आवं, मला तरी कुटं येतंय?" ती म्हणाली. "त्या भिंतीवरच्या घड्याळातलं मला कवाच कळलं न्हाई. भोंगा झाला की तुमचं जेवान काढती. बाजारात जाती तवा वाण्याला म्हणती, दादा, किती झालं ते घ्या ह्यातनं. लगीन झाल्यापासनं असंच हाय."

बारा वर्षं मी या बाईबरोबर संसार करत होतो. पॉवरहाऊसच्या भोंग्यावर आमचं घर चालतंय हे मला माहीत नव्हतं. मी वेळ विचारली की ती "तुमीच बघा की" म्हणायची, आणि मला तो लाडिकपणा वाटायचा.

मग तिनं सगळं सांगितलं. ती माण तालुक्यातली, माळरानावरच्या गावची. लहानपणी बापाबरोबर मेंढरं राखायची. बाप सांजेला मेंढरं मोजायचा, हिला मोजता यायचं नाही. पण कळप बघितला की कुठलं मेंढरू आलं नाही ते ती सांगायची. कानावर पांढरा ठिपका असलेली मागं राहिली, म्हणायची. बापाचं मोजणं कधी कधी चुकायचं, हिचं चुकलं नाही. शाळेत मात्र दुसरीतच मास्तरनं घरी बसवली. "त्येनं बसवली म्हनून मला वाईट न्हाई वाटलं," ती म्हणाली, "सुटली आसं वाटलं. पर मी बारा वर्सं तुमास्नी फसवत आली. तिला आसं कुनाला फसवत बसाया लावू नगा."

त्या आठवड्यात मी सांगलीला बदलीचा अर्ज दिला. कृष्णेच्या पुलाशी पाण्याची पातळी बघायला माणूस लागत होता. साहेबांनी कारण विचारलं. मी मुलीचं शिक्षण एवढंच म्हटलं.

सांगलीत मुलींच्या शाळेत नाव घालायला गेलो, तर मोठ्या बाईंनी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. मग माझ्यापुढं त्यांनी सरळ सगळं मांडलं. पाचवी पहिल्यापासून करावी लागेल, त्याला इलाज नाही. गणितासाठी शाळेतले गणिताचे सर शाळा सुटल्यावर जादा तास घेतात, तिथं पाठवता येईल. गावात खासगी क्लासही आहेत. "आणि एक आमच्याकडं सकाळचा तास आहे," त्या म्हणाल्या, "अगदी कच्च्या मुलींचा. शाळेआधी तासभर, शिवणाच्या खोलीत. पण तो शिवणाच्या बाई घेतात."

"शिवणाच्या?"

"दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते लपवलं नाही, हे मला आवडलं आणि धास्तीही वाटली.

आठ दिवस मी नुसता हिंडलो. खासगी क्लास बघितला. एका खोलीत साठ मुलं, फळ्यावरचं उतरवून घेणारी. तिथं ती कुणाच्या नजरेतही आली नसती, आणि तेच बरं असं क्षणभर वाटून गेलं. गणिताच्या सरांना भेटलो. माणूस भला होता. मी पंचवीस-बावन्नचं सांगितल्यावर म्हणाले, "पाढे पक्के करून घेऊ." तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढं कऱ्हाडची खिडकी आली.

शेवटी सकाळच्या तासाला जाऊन उभा राहिलो. लांबट खोली, कडेला पायाची चार शिवणयंत्रं, मधे सतरंजीवर सात-आठ मुली. शिवणाच्या बाई चाळिशीच्या, गळ्यात मापाची टेप, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्या जत तालुक्यातल्या, कानडी बोलणाऱ्या घरातल्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण थांबून थांबून, आधी मनात जुळवून घेतल्यासारखं.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही गणित शिकलाय का?"

"मॅट्रिकला होतं तेवढंच," त्या म्हणाल्या. "पण माझा ब्लाउज कधी घट्ट होत नाही."

मुली हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "माझी मुलगी इथं किती दिवसांत सुधारेल?"

"ते मला माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "इथं ती रडणार नाही, एवढं सांगते."

बायकोला घरी येऊन सगळं सांगितलं. कुठलंच मला पटत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "त्या बाईनं ठाऊक न्हाई म्हनलं?" मी होय म्हटलं. "मग तितंच घाला," ती म्हणाली. "ठाऊक हाय म्हननाऱ्याकडं एकदा घातली की आपन."

तर असं आम्ही ठरवलं. ठरवल्यावर मला झोप लागेनाशी झाली. चांगले सर सोडून शिवणाच्या बाईंकडं पोरीला घातली, उद्या ती नापास झाली आणि तिनं विचारलं तर काय सांगू?

पहिले दोन महिने बाईंनी तिला पेन्सिल हातात घेऊ दिली नाही. टेप धरायला लावायच्या. दाराची रुंदी, बाकाची उंची, मैत्रिणीचा हात. आकडा वाचून दाखवायचा, लिहायचा नाही. मी रोज विचारायचो, "आज गणित काय केलं?" ती सांगायची, "खिडकीचा पडदा." मी बायकोकडं बघायचो. बायको दुसरीकडं बघायची.

मग एक दिवस ती शाळेतून धावत आली. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "अण्णा, मला आकडे सांगा. पण थांबा, हळू सांगा."

"पंचवीस," मी म्हणालो, भीतभीतच.

तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि पाटीवर लिहिलं, २५.

"त्रेसष्ट."

पुन्हा ओठ हलले. ६३.

"तू म्हणतेस काय तोंडात?"

"अरवत्तमूरु," ती म्हणाली. "कानडीत त्रेसष्ट. बाई माप घेताना मनातल्या मनात कानडीत मोजतात, मला ऐकू आलं. पंचवीसला त्या इप्पत्तैदु म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. वीस आधी येतात, अण्णा! मग लिहायचेही आधीच."

मी तिथंच बसलो. पंचवीस हा शब्द मी आयुष्यात लाखभर वेळा उच्चारला असेल. त्यात पाच आधी येतात आणि वीस मागून, आणि लिहिताना मात्र उलटं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझी मुलगी पहिलीपासून जे ऐकत होती तेच लिहीत होती. त्रे आणि साठ. सत्ते आणि चाळीस. आम्ही तिला त्यासाठी मारत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बाई स्वतःच गोंधळल्या होत्या. "मी मुद्दाम नाही केलं," त्या म्हणाल्या. "मोजताना माझ्या तोंडून घरचंच येतं. हिनं विचारलं, मग सांगितलं. आता पुढं काय करायचं? मराठी मुलीला कानडी आकडे शिकवले म्हणून मोठ्या बाई रागावतील का?"

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. गणिताचे सर मात्र नाराज झाले. "उद्या ही तोंडी परीक्षेत कानडीत उत्तर देणार का?" त्यांनी मला बोलावून विचारलं. "कुबडीची सवय लागली की पाय चालत नाही." त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं. बायकोच्या भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, पोरीला मराठी येत न्हाई म्हनून कानडी व्हय?" मी घरी हसून घेतलं आणि बाहेर पडल्यावर विचार करत राहिलो. रोज वाटायचं, आज थांबवूया. रोज सकाळी तिची वेणी घालून झाली की मीच तिला सायकलवर बसवून शाळेत सोडायचो.

हे सगळं जादूसारखं झालं असं नाही. आकडे लिहायला आले, पण नऊ आणि पाच मिळवायला ती अजूनही बोटं मोजायची. वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हटलं की घाम फुटायचा. पाचवीला बेचाळीस मार्क, सहावीला अडतीस. प्रत्येक निकालाला मी शाळेत जाऊन गणिताचे मार्क दोनदा बघायचो.

सातवीत असतानाची एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून टोचते. कृष्णेला पाणी चढत होतं. मी पुलाशी ड्यूटीवर होतो, आणि ती माझा डबा घेऊन आली. खांबावर रंगवलेली पट्टी बघून म्हणाली, "अण्णा, मी वाचू?" मी म्हटलं, वाच. तिनं डोळे बारीक केले, ओठ हलवले. "एकोणतीस फूट," ती म्हणाली. एकोणतीस! जो शब्द ऐकून ती चौथीत नुसता ठिपका द्यायची, तो आता तिच्या तोंडातून आला होता. मी वही उघडली. आणि लिहायच्या आधी मी मान वळवून पट्टीकडं बघितलं.

एकोणतीसच होते. पण तिनं मला बघताना पाहिलं. तिनं डब्याची पिशवी कठड्यावर ठेवली आणि निघून गेली. मी दोनदा बघतोच, माझी सवयच आहे, हे मी तिला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय, अण्णा." पुढं ती पुलावर डबा घेऊन आली नाही.

या सगळ्या काळात मी मनाशी एक आधार धरून ठेवला होता, कुणालाही न सांगता. आमच्या वेळी मुलींना वरच्या वर्गात अवघड गणित सोडता यायचं. त्याऐवजी शरीरशास्त्र वगैरे घेऊन मुली मॅट्रिक व्हायच्या. माझ्या ऑफिसातल्या हेडक्लार्कची बहीण तशीच झाली होती. मी म्हणायचो, आठवीपर्यंत कशीबशी ओढू, मग सुटली. एकदा हेडक्लार्कजवळ सहज बोललो, तर तो म्हणाला, "अहो, ते कधीच गेलं. अकरावीची मॅट्रिक गेली, दहावी आली. आता गणित सगळ्यांना. माझी पुतणी त्यातच अडकलीय." मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

त्या दिवशी मी ऑफिसातून सरळ बाईंकडं गेलो. त्यांना ते आधीच माहीत होतं. "तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. "आठवीचं बीजगणित मला येत नाही. मी खोटं बोलणार नाही. आता तिला सरांकडं पाठवा."

"त्या सरांकडं?"

"ते वाईट नाहीत. त्यांना फक्त मूल चुकतं कसं ते बघायची सवय नाही. मी सांगते त्यांना."

त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. सरांनी तिला घेतलं. बीजगणितात पहिल्या दिवसापासून घसरगुंडी. अधिक-उणे चिन्हांत ती पार हरवून जायची. पण भूमितीचं पुस्तक उघडलं आणि काही आठवड्यांनी सरांनीच मला रस्त्यात थांबवलं. "तुमची मुलगी प्रमेयं लिहिते," ते म्हणाले, आणि सायकलवरून उतरून पुन्हा म्हणाले, "वर्गात तिच्यासारखी सिद्धता कुणी लिहीत नाही. प्रत्येक ओळीला कारण. हे कसं काय?"

मी घरी तिला विचारलं. ती म्हणाली, "भूमितीत आकडे कुठं असतात, अण्णा? अ, ब, क असतात. आणि एकातून एक वाक्य निघतं. मराठीच आहे ते."

आठवी, नववी अशीच ढकलत गेली. मार्चमध्ये दहावीला बसली. पेपर देऊन आली की मी तोंडाकडं बघायचो, ती आईला जेवायला वाढ म्हणायची. निकाल पेपरात नंबरांनी छापून आला तेव्हा तिचा नंबर त्यात नव्हता. मी वर-खाली सहा वेळा बघितला. ती स्वतः बघायला तयार नव्हती, एवढ्या आकड्यांच्या रांगा बघून तिला गरगरायचं. मी नाही म्हटल्यावर ती आत गेली आणि आईजवळ बसली. मार्कलिस्ट आली. मराठीत शाळेत दुसरी, गणितात नापास. भूमिती चांगली, पण बीजगणितानं पार बुडवलं होतं.

त्या पावसाळ्यात तिच्याइतकंच मीही बीजगणित केलं. सर रविवारी घरी यायचे. त्यांनी तिला चार प्रकारची उदाहरणं निवडून दिली आणि म्हणाले, बाकीच्यांकडं बघूच नकोस. प्रत्येक पायरी आधी वाक्यात लिहायची आणि मग चिन्हांत. एका उदाहरणाला पान लागायचं. मी वेळ लावून बसायचो आणि वेळ संपायची. सर म्हणायचे, "चालेल. तीन करेल, पण तीन बरोबर करेल." मला ते पटायचं नाही.

ऑक्टोबरला पुन्हा बसली. निकालाच्या दिवशी मी पेपर घेतला आणि तो न उघडताच घरी आलो. बायको म्हणाली, "आना हिकडं." तिला आकडे वाचता येत नव्हते, पण तिनं लेकीच्या हॉलतिकिटावरचा नंबर चित्रासारखा नजरेत धरला, पेपर जमिनीवर पसरला आणि त्या रांगांवरून बोट न टेकवता नुसती नजर फिरवत राहिली. मी बाजूला उभा होतो. मुलगी दारात, पाठ फिरवून.

"ह्यो काय," बायको म्हणाली.

मी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. होता.

गणितात काठावरच पास होती, भूमितीनं बीजगणिताला ओढत नेलं होतं. आम्ही पेढे घेऊन बाईंकडं जायला निघालो, तर कळलं, त्या उन्हाळ्यातच नोकरी सोडून जतकडं गावी गेल्या, आईचं करायला कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही तिघं एसटीनं गेलो. त्या ओसरीवर कुणाचं तरी पोलकं बेतत होत्या. मुलीनं पाया पडून मार्कलिस्ट दिली. त्यांनी चष्मा वर करून ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"आता पुढं काय घेणार?" त्यांनी विचारलं.

"मराठी," ती म्हणाली. "बी.ए. करणार."

"आणि गणित?"

"नको, बाई."

"नकोच," बाई म्हणाल्या, आणि आम्हाला आत बोलावून आईसाठी केलेली गरम हुग्गी, गव्हाची खीर, वाढायला घेतली. मी वाटी हातात घेतली, पण मनात एव्हाना कॉलेजचा फॉर्म सुरू झाला होता. त्यात काय काय भरायचं असतं, तारखा किती, नंबर किती, आणि ते ती एकटी भरेल की मी बरोबर जाऊ.